शेवटच्या रविवारची गाडी

हिंदुराव फाटकाच्या आत उभे होते आणि फाटक उघडत नव्हते.

"रेवा नाही घरात," ते म्हणाले. "मायलेकी सांगलीला गेल्यात, थोरलीकडं. तुमचा वार उद्या आहे, मास्तर."

"माहीत आहे मला. मी गाडी दाखवायला आलोय."

"ते ऐकलं मी. कोपऱ्यावर वळलात तेव्हाच ऐकलं."

सगळ्या गल्लीनं ऐकलं असणार. वळणावर गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना मागून कुणी लाथ घालावी तसा धक्का बसला होता, आणि खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला होता. समोरच्या घरातली बाई तांदूळ निवडता निवडता मान वर करून बघत राहिली होती.

हिंदुराव माने हे माझे सासरे होते. होते म्हणजे, शुभांगीचा आणि माझा घटस्फोट होऊन तेव्हा तीन-साडेतीन वर्षं झाली होती. कोल्हापुरातल्या त्या घरात आता ती आणि आमची मुलगी रेवा त्यांच्यासोबत राहत होत्या. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मी रेवाला घेऊन जायचो. फाटकापाशी हॉर्न वाजवायचा, फाटकापाशीच सोडायचं. घटस्फोटानंतर आत मी कधी गेलो नव्हतो, आणि हिंदुरावांनी कधी या म्हटलं नव्हतं.

"पुण्याला न्या की," ते म्हणाले.

"आठ-पंधरा दिवस ठेवून घेतील म्हणतात. इथं तिघांना दाखवली. बॉनेट उघडतात, ऑटोमॅटिक आहे म्हटलं की परत मिटतात."

"मग मी काय करू? मी गॅरेज बंद करून किती वर्षं झाली. डोळ्यांना दिसत नाही नीट."

"आबा, उद्या शेवटचा रविवार आहे."

त्यांना ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. शुभांगी नर्स होती, तिला आयर्लंडमधल्या एका इस्पितळात नोकरी लागली होती. रेवाला सोबत न्यायला कोर्टानं परवानगी दिली होती, मी वरच्या कोर्टात गेलो होतो, तिथंही हरलो होतो. बुधवारी त्यांचं विमान होतं.

"रिक्षानं या," ते म्हणाले. "शुभांगी तेच म्हणाली तुम्हाला. अंगणात बसा दोघं. दिवसभर बसा."

हो, ती तेच म्हणाली होती. आणि तिचं चुकलंही नव्हतं. मागच्या खेपेला चढावर गाडीनं असा हिसका दिला होता की पट्टा लावलेला असूनही रेवाचं कपाळ समोर आदळलं होतं. टेंगूळ आलं होतं. ती रडली नाही, पण पुढच्या सिग्नलला मला म्हणाली, बाबा, आपण इथून चालत जाऊ या का? चालत. माझ्याबरोबर.

माझा डावा पाय पोलिओनं गेलेला आहे. लहानपणापासून मांडीपर्यंत लोखंडी कॅलिपर आणि हातात काठी. क्लच दाबणं मला या जन्मी शक्य नाही, म्हणून गिअर आपोआप बदलणारी ती जुनी जपानी गाडी. मी मुलीला कधी खांद्यावर घेतलं नाही, तिच्या सायकलमागे पळालो नाही, तिला कडेवर घेऊन जिना उतरलो नाही. पण त्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली की मी तिला नेत असे. मी नेत असे आणि ती येत असे. भाड्याच्या गाडीत, पुढे अनोळखी ड्रायव्हर आणि मागे आम्ही दोघं, असा शेवटचा दिवस मला नको होता. हे सगळं मी हिंदुरावांना सांगू शकलो नाही. मी फाटकाचे गज धरून उभा राहिलो.

"मी तिला समुद्र दाखवीन म्हणून कबूल केलंय," एवढंच म्हणालो.

"कुठला?"

"वेंगुर्ल्याचा. आंबोलीवरून."

"घाटातून? ही गाडी घेऊन?" त्यांनी पहिल्यांदा गाडीकडे नीट बघितलं. मग माझ्याकडे. बराच वेळ. "त्या बाजूला तुमची बहीण असते नव्हं? गोव्यात?"

"म्हापशाला."

"तिचं घर मोठं आहे का?"

"आहे बरं. का?"

"काही नाही," ते म्हणाले, आणि फाटकाची कडी काढली. "गाडी मागं शेडमध्ये घ्या. हळू घ्या."

*

ती गाडी मला हिंदुरावांनीच शोधून दिली होती, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. ते मस्कतमध्ये एका वर्कशॉपमध्ये वीसेक वर्षं काम करून आले होते. तिथं क्लचवाली गाडी औषधालाही नव्हती, त्यामुळे या गिअरबॉक्सची त्यांना नाडीपरीक्षा होती. आमच्या लग्नाला त्यांचा विरोध होता. पण लग्न झाल्यावर तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. त्याऐवजी ही गाडी आणली, आणि तिचं सगळं स्वतः केलं. घटस्फोटानंतर मी ती इकडेतिकडे दाखवू लागलो. तिथूनच बिघडत गेली असणार.

शेडमध्ये त्यांनी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं. तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली, फडक्यावर पुसली, पुन्हा बुडवली, आणि फडकं माझ्या नाकाशी धरलं.

"वास घ्या."

करपलेल्या फोडणीसारखा वास होता.

"याचं तेल लाल असतंय. हे बघा, काकवी झालीय. मागच्या वेळी कुणी घातलं?"

"हायवेवरच्या एका गॅरेजात."

"साधं गिअरचं तेल मिसळलंय भल्या माणसानं." ते रागावले नाहीत. थकल्यासारखे बोलले. "पाणी पाजायचं तिथं गूळपाणी पाजलंय. आता आतल्या बारीक वाटा तुंबल्या असतील. दाब वेळेवर पोचत नाही, आणि पोचला की एकदम धाडदिशी पोचतोय. म्हणून लाथ बसती."

"होईल का?"

"खाली उतरवल्याशिवाय सांगता येत नाही. तेलाच्या थाळ्यात लोखंडाचे तुकडे निघाले तर मात्र मला बोलायचं नाही. मग ही गाडी इथंच ठेवायची आणि तुम्ही रिक्षानं घरी जायचं."

मी हो म्हटलं.

पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली. सत्तरी उलटलेला तो माणूस पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकला. मी बाजूला स्टुलावर बसून पाने द्यायचो, बॅटरी धरायचो. काळं तेल घमेल्यात बराच वेळ पडत राहिलं. मग बोल्ट एकेक करून सुटले आणि थाळा खाली आला. तो त्यांनी दोन्ही हातांनी, देवाचं निर्माल्य काढावं तसा, अलगद बाहेर ढकलला.

"तुम्हीच बघा. तळाशी लोहचुंबक आहे, त्याला काय चिकटलंय?"

मी बोट फिरवलं. करड्या रंगाचा चिखल होता, मऊ, गंधासारखा. मी पुन्हा पुन्हा फिरवलं. कुठे काही टोचलं नाही.

"तुकडे नाहीत," मी म्हणालो.

"हं," ते खालून म्हणाले. "मग आहे जीव अजून."

त्यांनी आतली जाळी काढली, ती गाळानं गच्च भरली होती. मग वरचा तो अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा उतरवला, ज्यात तेलाच्या वाटा असतात. बाहेरून बघितलं तर वारुळाचा काप काढल्यासारखा दिसत होता. तो घासायला आम्ही दोघं शेडच्या दारात रॉकेलचा डबा मध्ये घेऊन बसलो. त्यातल्या छोट्या छोट्या दांड्या ते एकेक काढत, पुसत, आणि कापडावर ओळीनं मांडत. एक दांडी जागेवरून हलायला तयार नव्हती. ती त्यांनी किती तरी वेळ बोटानं मागे-पुढे केली.

"तुम्ही पुढं अजून लढायला पाहिजे होतं," ते मान खाली घालूनच म्हणाले.

"कुठं?"

"कोर्टात. वरच्याच्या वर."

"कशाच्या जोरावर लढणार, आबा? तुमची साक्ष होती ना."

दांडी फिरवणारा हात थांबला.

त्यांनी साक्ष दिली होती. मुलगी कुणाकडे राहावी यावर जेव्हा पहिल्यांदा निकाल व्हायचा होता, तेव्हा ते पिंजऱ्यात उभं राहून म्हणाले होते की मास्तर माणूस वाईट नाही, पण पोरीला रात्री ताप चढला तर हा माणूस तिला उचलून जिना उतरू शकत नाही. ते खरंच होतं. त्यावर माझ्या वकिलाला विचारायला काही उरलं नव्हतं. पुढे परदेशी नेण्याच्या अर्जावरही त्या पहिल्या निकालातलं तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं गेलं.

"पोर माझ्या घरात राहावी म्हणून बोललो मी," हिंदुराव म्हणाले. "माझ्या घरात. आयर्लंडला नाही."

"तुम्ही शुभांगीला बोलला नाहीत?"

"बोललो की. ती म्हणाली, आबा, इथं मी आयुष्यभर रात्रपाळ्या करू का? तेही खरंच आहे. मग काय बोलणार." त्यांनी दांडी उजेडात धरली. "म्हणाली तुम्हीपण चला. मी तिथं जाऊन काय करू? थंडीत खिडकीत बसू?"

दांडी एकदाची सुळकन सरकली. ती त्यांनी पुसून ओळीत ठेवली.

*

दुपारी मी रिक्षानं जाऊन उद्यमनगरातून लाल तेलाचे डबे आणले. परत आलो तर त्यांनी सगळं जोडून थाळा वर चढवला होता. आतली जाळी धुतली होती, पायाखालच्या पॅडलपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी तार ताणून बसवली होती. ती तार ढिली असली की गाडीला आपण किती जोर मागतोय ते कळत नाही, असं ते म्हणाले. तेल भरलं. मी आत बसलो, किल्ली फिरवली, ब्रेक दाबून दांडा पुढे जायच्या 'डी'वर आणला.

धक्का बसला नाही. मी ब्रेक सोडला. गाडी हलली नाही.

मी पॅडल दाबलं. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलेना. उलटा गिअर टाकला, तेच. पुन्हा पुढचा. गाडी मेलेल्या जनावरासारखी ठोकळ्यांवरच उभी राहिली. सकाळी निदान ती लाथा तरी मारत होती.

मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला आठवतं, त्या वेळी मी रडत नव्हतो, मी मोजत होतो. संध्याकाळ, रात्र, सकाळ. रिक्षा, अंगण, दोन खुर्च्या. शुभांगी मधूनच चहा घेऊन येणार. रेवा पायानं माती उकरत बसणार. आणि मग बुधवार.

हिंदुराव काचेपाशी आले.

"काहीतरी चुकलं माझं," ते म्हणाले. "माझंच चुकलं. तुम्ही तेल आणायला गेलात तेव्हा घाई केली मी."

"जाऊ दे, आबा."

"जाऊ दे कसं? जाऊ दे म्हणू नका." ते शेडमध्ये येरझाऱ्या घालू लागले. हात तेलानं माखलेले, ते छातीशी धरलेले. मग एकदम थांबले. "दांडा तुम्ही हलवता तो आत एका खिळ्याला लागतोय. तो खिळा आतल्या दांडीच्या खोबणीत बसावा लागतो. बसला नसला तर तुम्ही वर काहीही करा, खाली कळतच नाही. मला दिसला नसणार. मी अंदाजानं बसवला."

"म्हणजे परत उतरवायचं?"

"परत. पण मी वर धरीन, आणि तुम्ही खाली यायचं. तुमची नजर चांगली आहे. चित्रकलेचे मास्तर तुम्ही."

मी कॅलिपर सोडला. त्यांच्यासमोर मी तो कधी सोडला नव्हता. पँटच्या आत उरलेला पाय बघून त्यांनी नजर फिरवली नाही, उलट टाच धरून पोत्यावर सरळ करून दिली. मी पाठीवर पडून कोपरांनी गाडीखाली सरकलो, दुसऱ्या बाजूनं ते आले. नवं तेल स्वच्छ टोपात उतरवलं. थाळा काढला. मग त्यांनी तो जड ठोकळा दोन्ही हातांनी छातीवरून वर तोलून धरला आणि मी बॅटरी दातांत धरून त्या फटीत बघू लागलो. तेलाचे थेंब डोळ्यांत पडत होते. आमची डोकी एकमेकांना लागत होती.

"दिसतंय का?"

मला बोलता येत नव्हतं. करंगळीएवढा खिळा दिसला, आणि त्याच्या बाजूला, अगदी केसभर, खोबण. मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दांडी ओढली. खिळा आत बसला. टक असा अगदी बारीक आवाज आला.

"हा," हिंदुराव म्हणाले. त्यांनी तो हातांनी ऐकला होता. "आता मी धरलंय, तुम्ही बोल्ट लावा. सगळे सारखे आवळा. घाई नाही."

उन्हं उतरताना आम्ही गाडी बाहेर काढली. गल्लीतून, मग रिंग रोडवर. ते माझ्या शेजारी मांडीवर फडकं ठेवून बसले होते. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. कधी बदलला ते कळलंच नाही. मी मुद्दाम थांबलो, पुन्हा निघालो. चढावर नेली. इंजिनाचा आवाज तेवढा एकेक पायरी उतरत गेला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

"घाट चढेल?"

"आता ही कुठंही जाईल," ते म्हणाले. "घाट उतरा, नाहीतर बंगळूरला न्या. मध्ये कुठं थांबायची गरज नाही."

कारागिराचा अभिमान, असं मला वाटलं.

"रात्री गाडी शेडमध्येच असू दे," फाटकापाशी ते म्हणाले. "तेल बसल्यावर सकाळी एकदा पट्टी बघतो. तुम्ही उजाडायला या."

*

उजाडायला गेलो तेव्हा गाडी पुसून फाटकाबाहेर उभी होती. शुभांगी दारात आली. "आबा म्हणतात गाडी ठीक आहे," ती म्हणाली. "ते म्हणतात म्हणून पाठवतेय. आठच्या आत आण." मग जरा थांबून, "तिला उलटी होते घाटात. पुढेच बसव." रेवा टोपी घालून, प्लॅस्टिकची बादली घेऊन आली. हिंदुरावांनी तिला पट्टा लावून दिला, गालावरून हात फिरवला, आणि मागे न बघता घरात निघून गेले.

वेंगुर्ल्यापर्यंतचा रस्ता मला आजही वळणावळणानं आठवतो. आंबोलीत धुकं होतं. रेवा पहिला अर्धा तास डॅशबोर्डला हात टेकून बसली होती, धक्क्याची वाट बघत. मग तिनं एक हात काढला. मग दुसरा. "बाबा, ही दुसरीच गाडी आहे," ती म्हणाली, आणि पाय वर घेऊन बसली. शाळेतलं सांगत सुटली. किनाऱ्यावर ती पाण्यात आणि मी वाळूत, काठी रोवून. तिनं माझ्या चांगल्या पायाभोवती खड्डा खणला आणि तो गुडघ्यापर्यंत पुरून टाकला. "आता तू कुठे जाऊ शकत नाहीस," म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की जाणार ती आहे, आणि ती वाळू उकरून माझा पाय मोकळा करू लागली.

निघालो ते दोनच्या सुमाराला. सावंतवाडीच्या पुढे फाटा आहे. एक रस्ता आंबोलीकडे वर चढतो, दुसरा बांद्यावरून गोव्यात जातो. मी काही ठरवलेलं नव्हतं. मी फक्त स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं ते फिरवलं नाही. गाडीनं काही कुरकुर केली नाही. ती तशीच गुळगुळीत पुढे चालत राहिली.

जरा वेळानं रेवा म्हणाली, "बाबा, हा आपला रस्ता नाही."

"आत्याकडे जाऊ या. म्हापशाला."

"आज?"

"आज. राहू तिथं."

"आणि उद्या?"

"उद्याही राहू."

ती दहा वर्षांची होती. तिला कळायला वेळ लागला नाही. तिनं बादली पायांत घेतली आणि समोर बघत राहिली. बांद्याच्या अलीकडे पाटी दिसली, गोवा तेरा का चौदा किलोमीटर. पोलीस येतील, येऊ देत. बुधवार जाऊ दे फक्त. बुधवारचं विमान गेलं की पुढचं पुढं. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

"मग आबांचं इंजेक्शन?" रेवा म्हणाली.

"कसलं?"

"साखरेचं. संध्याकाळचं मी देते. आई द्यायला गेली तर ते तिच्यावर चिडतात. माझ्याकडूनच घेतात. आणि ते घेतल्याशिवाय जेवत नाहीत."

"एक दिवस आई देईल."

"नाही घेणार ते. तुला माहीत नाही ते कसे आहेत." तिचा आवाज चढला नव्हता. ती मला नीट समजावून सांगत होती. "माझी तीनच राहिलीत, बाबा. आजचं, उद्याचं, परवाचं. मग बुधवारपासून ते स्वतः घेणार आहेत. मी शिकवतेय, पण त्यांचा हात थरथरतो. ते उपाशी बसतील."

मी गाडी कडेला घेतली. एका काजूच्या झाडाखाली आम्ही थांबलो. इंजिन चालू होतं. बाजूनं ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर गाडी जराशी हलत होती. रेवानं मला घाई केली नाही. तिनं बादलीतला एक शिंपला काढून पुसला आणि माझ्या बाजूला ठेवला.

मग मी गाडी वळवली.

*

पोचायला आठ वाजून गेले होते. शुभांगी फाटकाबाहेर रस्त्यावर येऊन उभी होती. रेवा उतरल्यावर तिनं तिला नुसतं छातीशी धरलं, मला काही बोलली नाही. रेवा सुटून आत पळाली. तिचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

"आबा, इंजेक्शन?"

"घेतलं मी."

"स्वतः?"

"स्वतः. जेवलो पण."

"मग मी कशाला…" असं काहीतरी ती म्हणाली. पुढचं मला ऐकू आलं नाही.

थोड्या वेळानं हिंदुराव बाहेर आले. शुभांगीला म्हणाले, तू जा आत, मी तेल बघतो गाडीचं. ती गेल्यावर ते बॉनेटकडे गेले नाहीत. मागे गेले, डिकी उघडली, सुट्या चाकाच्या बाजूला हात घालून एक निळी कापडी पिशवी ओढून काढली. मी ती कधी बघितली नव्हती. वरून एक स्वेटर डोकावत होता, रेवाचा. शाळेचे बूट होते. तिची श्वासाची औषधं होती, ती दिव्याखाली ओळखू आली.

"हे काय?" मी विचारलं.

"सकाळी ठेवली होती. तुम्ही यायच्या आधी."

"कशाला, आबा?"

त्यांनी पिशवी पोटाशी धरली. त्यांचा आवाज इतका खाली होता की मला पुढे वाकावं लागलं.

"मास्तर, गाडी मी परत यायला दुरुस्त केली नव्हती."

मी काठीवर भार टाकून उभा राहिलो. घरातून ताटांचा आवाज येत होता.

"सगळं दिलं तुम्हाला," ते म्हणाले. "गाडी दिली. अख्खा दिवस दिला. शुभांगीला सांगितलं की साडेनऊपर्यंत काळजी करू नकोस, घाटात वेळ लागतोय. पोरीचे कपडे दिले. मला म्हातारपणी पोलिसांपुढं खोटं बोलायला लागलं असतं, ते पण मी ठरवलं होतं. मग तुम्ही का आलात?"

ते सांगणं माझ्या ओठांवर आलं होतं. नुसतं सांगायचं, तुमचं इंजेक्शन होतं म्हणून. ती त्याच्यासाठी परत आली म्हणून. त्यांनी दंडाला लावलेला कापूस बाहीखालून दिसत होता. तो नीट लागला नव्हता, खाली रक्ताचा ओघळ वाळला होता.

"धीर झाला नाही मला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. साक्षीच्या दिवशी बघितलं होतं तसंच, रागानं नाही, माप घेतल्यासारखं.

"तेच वाटलं मला," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन आत गेले.

बुधवारी त्या गेल्या. शुभांगीनं विमानतळावरून मला फोन लावला, रेवाशी बोलणं झालं, मग फोन कट झाला.

पुढच्या रविवारी माझा वार नव्हता. तरी मी गेलो. फाटक उघडं होतं. हिंदुराव शेडमध्ये बसले होते, काही करत नव्हते. मी स्टूल ओढून बसलो. त्यानंतर ते होते तोवर, जवळजवळ सहा वर्षं, मी दर रविवारी जात राहिलो. दुपारी आयर्लंडहून फोन यायचा. आधी रेवा त्यांच्याशी बोलायची, मग माझ्याशी. आणि दर वेळी मला फोन देताना ते तिला सांगायचे, "घे, बोल तुझ्या बापाशी. भित्रा आहे, पण येतो बिचारा दर आठवड्याला."

रेवा हसायची. मीही हसायचो.